बागेवरची सावली आणि सार्वजनिक वृक्षविभागाची छाटणी सेवा: एक परीक्षण

रस्त्याकडेची किंवा सार्वजनिक उद्यानाच्या कडेची झाडे वाढून शेजारच्या घराच्या बागेवर सावली धरू लागली की रहिवाशापुढे एकच अधिकृत मार्ग उरतो, तो म्हणजे त्या झाडांची निगा राखणाऱ्या वृक्षविभागाकडे छाटणीसाठी अर्ज करणे. झाड आपल्या मालकीचे नसते, ते ज्या जमिनीत उभे आहे तीही नसते आणि परवानगीवाचून त्याच्या फांदीला करवत लावणे बहुतेक ठिकाणी गुन्हा ठरते. माझ्या बागेच्या दक्षिणेला आणि आग्नेयेला सार्वजनिक उद्यानाच्या कडेची झाडांची रांग आहे. त्यात वडाच्या कुळातील दाट पानांची सदाहरित झाडे आहेत आणि अधूनमधून गुलमोहर आहेत. या रांगेसाठी अर्ज, नकार, पुन्हा अर्ज, पाहणी आणि अखेरीस छाटणी असा सगळा क्रम पार पडल्यावर हे लिहीत आहे. आधीच सांगायचे तर, करवत चालवणाऱ्या पथकाचे काम उत्तम आहे, पाहणी अर्धवट आहे आणि ज्या गोष्टीसाठी रहिवासी या दारात येतो त्या उन्हाची नोंद घेण्याची सोय या सेवेत मुळातच नाही.

सेवेची घडण अर्जावरूनच कळते. अर्जात तक्रारीचे कारण निवडण्यासाठी एक यादी दिलेली असते: धोकादायक झाड, मोडलेली फांदी, वाळलेले झाड, वीजवाहिनीला अडथळा, पथदिव्यासमोर आलेल्या फांद्या, मुळांमुळे पदपथाला आलेला फुगवटा. पथदिव्याचा उजेड अडला तर त्याला यादीत स्वतःची ओळ आहे. सूर्याचा अडला तर तो ‘इतर’मध्ये घालावा लागतो. ‘इतर’ निवडल्यावर मजकुरासाठी मिळणारी चौकट इतकी आखूड आहे की झाडाचे स्थान आणि बागेची दिशा लिहितानाच ती संपते. छायाचित्र एकच जोडता येते. सावली ही दिवसभर सरकणारी गोष्ट असल्यामुळे एका छायाचित्रातून ती सिद्ध होत नाही, हे अर्ज तयार करणाऱ्याच्या ध्यानात आलेले दिसत नाही. किंवा अशी तक्रार येऊच नये, असेही त्यामागे असू शकेल.

पहिल्या अर्जाला आलेले उत्तर छापील होते. केवळ सावली, पानगळ, पक्ष्यांची विष्ठा किंवा दृश्य अडणे या कारणांसाठी सार्वजनिक झाडांची छाटणी केली जात नाही, एवढाच त्याचा आशय. हे धोरण जगावेगळे नाही. इंग्लंडमध्ये १८३२च्या कायद्यानुसार वीस वर्षे अखंड मिळत आलेल्या उजेडावर हक्क सांगता येतो, पण तो इमारतीच्या खिडकीसाठी. बागेला असा हक्क नाही. तिथल्याच २००३च्या कायद्याने उंच कुंपणझाडांविरुद्ध दाद मागण्याची सोय केली, परंतु ती दोन मीटरहून उंच असलेल्या सदाहरित किंवा बव्हंशी सदाहरित झाडांच्या रांगेपुरती असून सुट्या झाडाला लागू होत नाही. कॅलिफोर्नियाचा १९७८चा कायदा सौरपट्ट्यांवर पडणाऱ्या सावलीची दखल घेतो, सकाळी १० ते दुपारी २ या वेळेत पट्ट्यांच्या दहा टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर शेजारच्या झाडाची सावली पडू नये असे सांगतो, आणि २००८च्या दुरुस्तीनंतर पट्ट्या बसवण्याआधी लावलेल्या झाडांना त्यातूनही सूट देतो. थोडक्यात, वीज तयार करणाऱ्या पट्टीला मर्यादित का होईना संरक्षण मिळते, वाफ्यातल्या पानाला ते मिळत नाही.

तत्त्वतः मला हे धोरण मान्य आहे. रस्त्यावरून चालणाऱ्या शेकडो लोकांना मिळणारा गारवा आणि एका घराच्या वाफ्यातली मिरची यांची तुलना केली तर पारडे कुठे झुकावे याबद्दल शंका नसावी. नगरवनीकरणाचे अभ्यासक सेसिल कोनिनेन्डाइक यांनी २०२१मध्ये मांडलेला ‘३-३०-३००’ हा निकष आता अनेक शहरांत उद्धृत केला जातो: प्रत्येक घरातून किमान ३ झाडे दिसावीत, वस्तीचा ३० टक्के भाग झाडांच्या छत्राखाली असावा आणि ३०० मीटरच्या आत हिरवी मोकळी जागा असावी. असा निकष समोर ठेवणाऱ्या विभागाने सावलीच्या प्रत्येक तक्रारीवर करवत काढली तर तीस टक्क्यांचा आकडा कागदावरही टिकणार नाही. आक्षेप आहे तो वेगळ्याच गोष्टीला. झाड तोडणे आणि झाडाला हातही न लावणे या दोन टोकांमध्ये छाटणीच्या कितीतरी पायऱ्या असतात, त्या झाडाच्या हिताच्याही असू शकतात, आणि छापील उत्तर या पायऱ्यांचा उल्लेखसुद्धा करत नाही. रहिवाशाला नकार मिळतो, पर्याय मिळत नाही. मग काही जण रात्री बुंध्याला भोके पाडून त्यात विषारी द्रव ओततात, हे वृक्षविभागांना चांगलेच ठाऊक असते.

दुसरा अर्ज विभागाच्या भाषेत लिहावा लागला. माझ्या जाळीच्या कुंपणात शिरलेल्या खालच्या फांद्या, एकमेकींवर घासून साल गेलेल्या दोन फांद्या आणि पर्णसंभाराच्या आत अडकलेली वाळकी लाकडे यांचा त्यात उल्लेख केला, आणि सोबत वेगवेगळ्या ऋतूंत वाफ्यांवर ऊन कधी येते व कधी जाते याचा तक्ता जोडला. अर्जाची भाषा बदलली, झाडे तीच होती. यावेळी पाहणी मंजूर झाली. ज्याला विभागाची भाषा येत नाही त्याचा अर्ज पहिल्याच पायरीवर अडतो, हा या सेवेतला मोठा दोष आहे, कारण बागकाम करणारी वयस्कर मंडळी अशा तांत्रिक शब्दांत लिहू शकतीलच असे नाही.

पाहणीसाठी आलेल्या तंत्रज्ञाला झाड कळत होते, याबद्दल दुमत नाही. त्याने प्रत्येक बुंध्याभोवती फेरी मारली, मुळांच्या फुगवट्यापाशी वाकून अळंबी उगवली आहे का ते पाहिले, प्लास्टिकच्या हातोडीने खोडावर टिचक्या मारून आवाज कुठे पोकळ येतो ते ऐकले, आणि दोन फांद्या जिथे अगदी अरुंद कोनात फुटतात तिथे साल आत दुमडली गेली आहे का हे दुर्बिणीतून तपासले. घरट्यांची नोंदही केली. परंतु हे सारे त्याने कुंपणाच्या पलीकडे उभे राहून केले. फाटक उघडे असताना आणि आग्रह केलेला असतानाही त्याने बागेत पाऊल ठेवले नाही. त्याच्या नोंदपत्रात झाडाची उंची, बुंध्याचा घेर, प्रजाती, धोक्याची श्रेणी असे रकाने होते, सावली कुठे पडते याचा रकाना नव्हता. पाहणीही भर दुपारी झाली, म्हणजे सावली दिवसातली सर्वांत आखूड असते त्या वेळी. दोष त्या माणसाचा नव्हे, त्याच्या हातातल्या कागदाचा आहे.

सावलीची तक्रार तपासायला अवघड आहे, असे विभागाकडून तोंडी सांगण्यात आले. ते मला पटले नाही, कारण सावलीइतकी हिशेबात बसणारी दुसरी गोष्ट बागेत नाही. भर दुपारी सूर्य क्षितिजापासून किती अंश वर असेल हे स्थळाचा अक्षांश आणि दिवस यांवरून काढता येते, आणि झाडाच्या उंचीला त्या कोनाच्या स्पर्शज्येने (टॅन्जंटने) भागले की सावलीची लांबी मिळते. बारा मीटर उंचीचे झाड घेतले, तर २० अंश उत्तर अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस दुपारचा सूर्य सुमारे साडेसेहेचाळीस अंशांवर असतो आणि सावली साडेअकरा मीटरच्या आसपास पडते. ५० अंशांवर त्याच दिवशी सूर्य साडेसोळा अंशांच्या वर चढत नाही आणि तेच झाड चाळीस मीटरपर्यंत सावली टाकते. जूनमध्ये ५० अंशांवरची सावली सहा मीटरवर येते, तर २० अंशांवर सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेला असतो आणि दुपारची सावली झाडाखालीच राहते. म्हणजे एकाच उंचीचे झाड कुठे बारमाही अडचण असते, कुठे फक्त हिवाळ्यातली, आणि हे सांगायला एक तक्ता व एक मोजपट्टी पुरेशी आहे. सूर्याचा मार्ग छायाचित्रावर आखून दाखवणारी मोबाइल ॲपही आता सर्रास मिळतात.

उजेड किती कमी होतो हा प्रश्न थोडा अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि इथे डोळ्यांवर विसंबून चालत नाही. उघड्या आकाशाखाली दुपारी एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो. तो दहा हजारांवर आला तरी आपले डोळे जुळवून घेतात आणि बाग ‘बऱ्यापैकी उजेडाची’ वाटते, रोपाला मात्र एक-दशांशच मिळालेले असते. त्यातही लक्स हे माप माणसाच्या डोळ्यांसाठी बनवलेले आहे आणि हिरव्या प्रकाशाला ते सर्वाधिक वजन देते. पानांमधून गाळून आलेल्या प्रकाशात लाल व निळा भाग शोषला गेलेला असतो, हिरवा आणि त्याहून अधिक अवरक्ताजवळचा दूर-लाल भाग उरलेला असतो. त्यामुळे झाडाखाली लक्समीटर जे दाखवतो त्याहून रोपाच्या कामाचा उजेड कमीच असतो. लाल आणि दूर-लाल प्रकाशाचे गुणोत्तर उघड्यावर एकाहून थोडे अधिक असते, दाट छत्राखाली ते ०.२ पर्यंतही उतरते, आणि रोपातील फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य हा बदल टिपते. सावलीतली टोमॅटोची रोपे लांबलचक, बारीक दांड्यांची आणि फिकट होतात ती केवळ उपासमारीमुळे नव्हे. वरच्या पानांना ओलांडून जाण्याची त्यांची ती धडपड असते. भिंतीच्या सावलीत हे एवढ्या प्रमाणात होत नाही, कारण भिंत प्रकाशाची प्रत बदलत नाही, फक्त मात्रा घटवते. म्हणून वाफ्यावर सावली भिंतीची की झाडाची, हा प्रश्न पाहणीत विचारला जायला हवा.

आता छाटणीविषयी, जिथे या सेवेचे मनापासून कौतुक करावे लागते. पथक ठरल्या सकाळी आले, रस्त्यावर दोरी बांधून वाट अडवली, आणि यंत्र सुरू करण्यापूर्वी मुकादमाने कुठली फांदी जाणार व कुठली राहणार हे खडूने खुणावून घेतले. जाड फांदी कापण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी होती. आधी बुंध्यापासून हातभर अंतरावर खालून एक-तृतीयांश जाडीपर्यंत काप, मग त्याच्या थोडे पुढे वरून दुसरा काप, जेणेकरून फांदी स्वतःच्या वजनाने मोडताना खोडाची साल सोलून नेणार नाही. आणि फांदी दोराने अलगद खाली उतरल्यावर उरलेल्या खुंटाचा तिसरा काप, तोही खोडाला चपाट भिडवून नव्हे, तर फांदीच्या मुळाशी जो सुरकुतलेला, किंचित फुगीर कडा असतो त्याच्या लगत बाहेरून. हा कडा शाबूत राहिला तर जखमेभोवती नवे लाकूड गोल कड्यासारखे वाढत येते आणि कुजण्याची क्रिया आत शिरण्यापासून रोखली जाते. अमेरिकी वनसेवेतील संशोधक ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडे उभी-आडवी चिरून ही यंत्रणा दाखवून दिली आणि जखमेला डांबर किंवा रंग फासण्याच्या जुन्या पद्धतीचा उपयोग नसल्याचेही त्यांच्याच कामातून पुढे आले. पथकाकडे रंगाचा डबा नव्हता, ही माझ्या दृष्टीने त्यांच्या प्रशिक्षणाची उत्तम पावती होती.

काम चालू असताना शेजारच्या एका गृहस्थांनी मुकादमाला ‘वरून निम्मे उडवूनच टाका’ अशी विनंती केली आणि त्याने ती शांतपणे नाकारली. शेंडा उडवून झाड भुंडे केले की दोन-तीन महिने भरपूर ऊन येते, हे खरे आहे. परंतु कापलेल्या टोकांभोवती सुप्त डोळ्यांतून धुमाऱ्यांचा झुपका फुटतो, हे धुमारे जुन्या फांद्यांप्रमाणे लाकडात खोलवर रुजलेले नसून सालीलगत चिकटलेले असतात, झपाट्याने वाढतात आणि पुढे वादळात मोडतात. त्यांची पानेही मूळच्या पर्णसंभाराहून दाट असतात, म्हणजे ऊन मागणाऱ्यालाच दोन वर्षांत अधिक गडद सावली मिळते. एका वर्षात जिवंत पर्णसंभाराच्या एक-चतुर्थांशाहून अधिक भाग काढू नये, हा वृक्षतज्ज्ञांचा सर्वसाधारण दंडक पथकाने पाळला. वयस्क झाडांसाठी ही मर्यादा आणखी खाली आणावी लागते, हेही मुकादमाला ठाऊक होते. रांगेतल्या सर्वांत जुन्या झाडाची त्याने फक्त वाळकी लाकडे काढली.

प्रत्यक्षात दोन प्रकारची छाटणी झाली. खालच्या फांद्या काढून पर्णसंभाराचा तळ अडीच मीटरवरून चार मीटरवर नेला, आणि दोन सदाहरित झाडांच्या आतल्या भागात विरळणी केली. यांपैकी तळ उचलण्याचा फायदा ताबडतोब दिसला, पण तो कशामुळे व किती, हे नीट समजून घेतले पाहिजे. माझ्या मधल्या वाफ्यापासून त्या झाडाच्या पर्णसंभाराची पलीकडची कड दहा मीटरवर आहे. पूर्वी सूर्य १४ अंशांवर येईपर्यंत त्याचे किरण फांद्यांखालून वाफ्यापर्यंत पोहोचत. आता ते सुमारे २२ अंशांपर्यंत पोहोचतात, म्हणजे हिवाळ्यातल्या सकाळी अर्ध्या तासाहून थोडे अधिक ऊन वाढले. मात्र एवढ्या खाली असलेल्या सूर्याचे ऊन जमिनीवर तिरपे पसरते, त्याची तीव्रता डोक्यावरच्या सूर्याच्या एक-तृतीयांशही भरत नाही, आणि वाढलेला हा अर्धा तास हिशेबात धरायचा तर माथ्यावरच्या उन्हाच्या दहा मिनिटांइतका. पालेभाज्यांना तेवढ्याने फरक पडतो. सकाळचे दव लवकर उडाल्यामुळे पानांवरचे बुरशीचे डाग कमी झाले, हा खरा लाभ. फळभाज्यांना त्याने पुरत नाही.

शिवाय हा लाभ मला मिळाला तो कुंपण जाळीचे असल्यामुळे. वाफ्यापासून दोन मीटरवर दीड मीटर उंचीची पक्की भिंत असती तर तिनेच सुमारे ३७ अंशांखालचे सगळे ऊन अडवले असते, आणि झाडाचा तळ कितीही उचलला तरी वाफ्याला त्याचा पत्ता लागला नसता. पाहणी करणारा माणूस बागेत आला असता तर हे दोन मिनिटांत सांगू शकला असता; भिंत असलेल्या घरांचे तळ उचलण्याचे अर्ज थांबले असते आणि पथकाची मेहनत योग्य ठिकाणी लागली असती.

विरळणीचा परिणाम दुपारच्या कवडशांत दिसतो. उघड्या जागेच्या तुलनेत वाफ्यावरचा उजेड एक-दशांशाहून कमी होता, तो एक-पंचमांशाच्या घरात आला. मोजणी एकाच मीटरने, निरभ्र दुपारी केली असल्यामुळे तुलना ठीक आहे, आकड्यांच्या अचूकतेचा दावा नाही. पूर्ण ऊन मागणारी टोमॅटो, मिरची, वांगी यांसारखी पिके दिवसाला निदान सहा तास थेट ऊन मिळाल्याशिवाय समाधानकारक फळत नाहीत, आणि कवडशांची बेरीज तिथपर्यंत जात नाही. गुलमोहरांना हात लावला गेला नाही, आणि तो निर्णय योग्यच होता: त्यांच्या बारीक पर्णिकांमधून ऊन झिरपतेच. मात्र पानझडी झाड निष्पर्ण झाले की ऊन मोकळे होते, हा समजही पूर्ण खरा नाही; नुसत्या फांद्या आणि डहाळ्याही पाव ते निम्मे ऊन अडवू शकतात.

हा लाभ टिकाऊ नाही, हे विभागाने आधी सांगायला हवे होते. विरळ केलेल्या झाडात आत उजेड शिरतो, त्या उजेडावर आतल्या फांद्यांना नवी पाने फुटतात आणि दोन-तीन वाढीच्या हंगामांत पोकळ्या भरून येतात. तळ उचलण्याचे काम तेवढे कायमचे, पण त्यालाही मर्यादा आहे: झाडाच्या एकूण उंचीच्या दोन-तृतीयांश भागावर जिवंत फांद्या राहिल्या पाहिजेत, नाहीतर शेंडा जड होऊन झाड वाऱ्यात हेलकावते आणि खोड हवे तसे जाड होत नाही. अर्जाच्या उत्तरात या दोन ओळी घातल्या तर रहिवाशांच्या निम्म्या अपेक्षा जागच्या जागी येतील.

आणखी एक गोष्ट विभाग सांगत नाही, कारण ती त्याच्या अखत्यारीत येत नाही, पण बागेला ती उन्हाइतकीच जाचते. झाडाची अन्नपाणी शोषणारी मुळे बहुतांशी वरच्या अर्ध्या मीटर मातीत असतात आणि पर्णसंभाराच्या घेराच्या कितीतरी पलीकडे पसरतात. कुंपणालगतच्या वाफ्यात खुरपे घातले की विटकरी रंगाच्या तंतुमुळांची जाळी निघते. ती पाणी आणि नत्र दोन्ही ओढून घेते. सावलीला दोष दिला जातो तिथे पुष्कळदा अपराधी मूळ असते. याची परीक्षा सोपी आहे: त्याच जागी, त्याच सावलीत एक मोठी कुंडी विटांवर ठेवून त्यात तेच रोप लावावे. कुंडीतले रोप चांगले वाढले तर छाटणीचा अर्ज करण्याआधी वाफा उंच करावा, त्याला तळाशी अडसर घालावा. विभागाची पायरी चढण्याचे कारण नाही. कुंपणाच्या आतले मूळ आपल्या जमिनीत असले तरी ते तोडू नये, कारण जाड मुळे तुटली की झाडाचा आधारच जातो आणि पुढच्या वादळात ते नेमके कुणाच्या घरावर पडेल याचा नेम नसतो.

सेवेत सुधारणा सुचवायची तर माझी पहिली सूचना छाटणीविषयी नाही, लागवडीविषयी आहे. याच विभागाने रांगेतल्या दोन रिकाम्या खड्ड्यांत अलीकडे रोपे लावली, आणि पुन्हा तीच मोठ्या घेराची, सदाहरित प्रजाती निवडली. आज गुडघ्याएवढे असलेले ते रोप वीस वर्षांनी कुणाच्या अंगणात हिवाळ्यात अंधार करणार हे आजच आखून काढता येते. उत्तर गोलार्धात घरांच्या दक्षिणेला लावायच्या झाडांसाठी मध्यम उंचीच्या, झिरपत्या पानांच्या किंवा थंडीत पाने गाळणाऱ्या प्रजाती निवडाव्यात, घनदाट सदाहरित झाडे उत्तरेच्या कडेला किंवा उद्यानाच्या मध्यभागी न्यावीत. झाडांची संख्या कमी न करता हे साधते. दुसरी सूचना अर्जाविषयी: ‘बागेवरील ऊन’ अशी स्वतंत्र ओळ, ऋतूनिहाय ऊन येण्या-जाण्याच्या वेळांचा छोटा तक्ता आणि कुंपणाचा प्रकार विचारणारा एक प्रश्न एवढे जरी घातले, तरी पाहणीला येणारा माणूस तयारीने येईल. छाटणीनंतर सहा महिन्यांनी तोच तक्ता पुन्हा भरून घेतला तर कुठल्या छाटणीने किती ऊन मिळते याची स्थानिक माहिती विभागाकडे आपोआप जमा होईल. आज ती कुणाकडेच नाही, आणि म्हणूनच प्रत्येक अर्ज वादावर जातो.

प्रतीक्षा दीर्घ आहे. अर्ज दिल्यापासून करवत लागेपर्यंत भाजीपाल्याचा एक पूर्ण हंगाम निघून गेला, आणि त्यातला काही काळ पक्ष्यांच्या विणीसाठी काम थांबवल्यामुळे गेला, ज्याबद्दल तक्रार करता येत नाही. काम झाल्यावर पथकाने पडलेल्या डहाळ्यांचा तिथेच भुगा केला आणि मागितल्यावर तो वाफ्यांवर पसरण्यासाठी दिला. ही सेवेची न जाहीर केलेली सोय आहे, मागितली नाही तर गाडीतून निघून जाते. ताजा भुगा मातीत मिसळू नये, वरच्या वर पसरावा, एवढे पथ्य पाळले की तो उत्तम आच्छादन होतो.

छाटणीच्या कामाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन, पाहणीला तीन आणि पत्रव्यवहाराला दीड. ज्यांच्या बागेत पालेभाज्या, फुलझाडे किंवा रोपवाटिका आहे आणि ज्यांच्या कुंपणातून तिरपे ऊन आत येऊ शकते, त्यांनी खालच्या फांद्या उचलण्यासाठी अर्ज जरूर करावा, तो झाडाच्या दोषांपासून सुरू करावा आणि उन्हाचा तक्ता जोडावा. ज्यांना दुपारचे सलग ऊन लागणारी फळभाजी घ्यायची आहे त्यांनी या सेवेवर हंगाम सोडू नये. वाफा झाडापासून दूर, बागेच्या उजळ टोकाला हलवणे अधिक लवकर फळते. आणि उत्तर गोलार्धात ज्यांच्या बागेच्या उत्तरेला सार्वजनिक झाड आहे त्यांचा सावलीचा अर्ज विभाग नाकारेल तर तो योग्यच आहे, कारण उन्हाळ्यातील सकाळ-संध्याकाळ आणि उष्ण कटिबंधातील जूनमधली दुपार वगळता त्या झाडाची सावली बागेत येतच नाही. तिथे रोपे खुरटत असतील तर आधी मुळे शोधावीत.